फॉर्मॅट मारण्याआधी एकदा पेनड्राइव्हवरून चालू करून बघा

कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून दुकानात नेला की आपल्या इंदूरात बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "विंडोज उड़ गई है, फॉर्मेट मारना पड़ेगा." आपण मान डोलावतो, कारण समोरचा रोज हेच काम करतो आणि आपल्याला त्यातलं फारसं कळत नाही. संध्याकाळी मशीन परत मिळतं, नवी कोरी विंडोज, स्वच्छ डेस्कटॉप, आणि आत काहीच नाही. मुलांचे फोटो नाहीत, टॅक्सचे कागद नाहीत, मंडळाचा हिशोब नाही. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता जो भेटेल त्याला सांगत सुटते, विंडोज बिघडणं वेगळं आणि तुमच्या फाइली जाणं वेगळं. दाराचं कुलूप बिघडलं म्हणून आतलं सामान कोणी फेकून देत नाही. आत जायला दुसरा रस्ता असतो आणि तो रस्ता म्हणजे एक साधा पेनड्राइव्ह.

दुकानदारांवर माझा राग नाही हं. त्यांच्याकडे टेबलावर मशीनांची रांग लागलेली असते, गिऱ्हाईक "कब मिलेगा" म्हणून फोन करत असतं, फॉर्मॅट हा सगळ्यात भरवशाचा आणि पटकन होणारा उपाय आहे. आणि आपणही "डेटा काढून ठेवा" असं स्पष्ट म्हणत नाही. म्हणून ही पोस्ट.

गेल्या पावसाळ्यात लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या काकांचा लॅपटॉप असाच बसला. बॅटरी कधीचीच गेलेली, त्यामुळे सतत वायर लावूनच चालायचा, विंडोजचं अपडेट चालू असताना लाइट गेली आणि लाइट आल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात एक ओळ, बूट करायला, म्हणजे सुरू व्हायला, काही सापडत नाही म्हणून. काकांनी तो जवळच्या एका दुकानात दाखवला, तिथे अर्थातच फॉर्मॅट सांगितलं, आणि नशीब की काका त्या दिवशी "उद्या सांगतो" म्हणून लॅपटॉप घेऊन घरी आले. कारण त्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या आजोबांची मोडीतली पत्रं होती. आजोबा होळकरांच्या काळात सरकारी कारकून, त्यांची घरगुती पत्रं, देण्याघेण्याचे कागद, एका पेटीत होते ते काकांनी रिटायर झाल्यावर एकेक करून स्कॅन केले, प्रत्येक फाइलला तारीख आणि कोणी कोणाला लिहिलंय ते नाव दिलं, शेजारी देवनागरीत लिप्यंतर टाइप केलं. कागद पेटीत आहेतच पण काही आता हात लावला की तुकडे पडतात असे झालेत. आणि लिप्यंतराची दुसरी कॉपी कुठेच नाही.

काकूंनी पोहे पुढे ठेवले, वर शेव आणि जिरावण, आणि काका समोर बसून विचारतात, "अगं पण विंडोजच चालू होत नाही तर तू आत जाणार कशी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि याचं उत्तर एकदा नीट समजलं की अर्धी भीती जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण पॉवरचं बटन दाबतो तेव्हा विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी जागा होतो मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम, जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणायचे, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनमध्ये बहुतेक यूईएफआय असतं, बोलताना सगळे दोन्हींना बायोसच म्हणतात. हा प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर नसतोच, त्यामुळे विंडोज कितीही बिघडली तरी तो शाबूत असतो. तो रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क कुठल्या लागल्यात हे तपासतो आणि मग त्याच्याकडच्या यादीप्रमाणे एकेका डिस्ककडे जाऊन विचारतो, तुझ्याकडे सुरू करण्यासारखं काही आहे का. विंडोजबद्दल त्याला काही खास प्रेम नाही. ज्याच्याकडे मिळेल त्याला तो गाडी सोपवतो आणि बाजूला होतो.

जुन्या पद्धतीत तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे पहिला छोटा कप्पा, वाचायचा, फक्त ५१२ बाइट. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे सुरू करायचा कोड, पुढचे ६४ बाइट म्हणजे पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांची, यादी, त्यात चारच नोंदी मावतात, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे ५५ एए ही खूण. ही खूण दिसली तरच डिस्क बूट होण्यासारखी आहे असं तो मानणार. नव्या यूईएफआयला हे लागत नाही, तो डिस्कवर फॅट३२ पद्धतीचं (फाइली साठवायची एक साधी पद्धत) एक छोटं पार्टिशन शोधतो आणि त्यातली ठरलेली फाइल चालवतो, पेनड्राइव्हवर ती ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये बूट नावाच्या फोल्डरात असते, नावही ठरलेलं, बूटएक्स६४. म्हणजे पेनड्राइव्हवर ती फाइल त्या जागी ठेवली की यूईएफआयच्या दृष्टीने पेनड्राइव्ह आणि आतली डिस्क यात काहीच फरक राहत नाही. काकांच्या लॅपटॉपमध्ये अपडेट अर्धवट राहिल्यामुळे हेच बूटचं छोटं पार्टिशन गडबडलं होतं. पत्रं ज्या मोठ्या पार्टिशनवर होती त्याला धक्काही लागला नव्हता.

आता पेनड्राइव्हवर काय ठेवायचं, तर लाइव्ह लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण वेगळी, फुकट मिळणारी सिस्टिम, जी इन्स्टॉल न करता चालते. ही कल्पना जुनी आहे, २००० साली जर्मनीतल्या क्लाउस नॉपर यांनी नॉपिक्स काढलं, सीडी घातली की पूर्ण सिस्टिम चालू, हार्ड डिस्कवर काही टाकायचंच नाही. सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, पण तत्त्व तेच. पूर्ण सिस्टिम दाबून एका मोठ्या फाइलमध्ये भरलेली असते, लागेल तेवढं त्यातून वाचून रॅममध्ये घेतलं जातं, तुम्ही जे बदल करता तेही रॅममध्येच राहतात आणि मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं. तुमच्या डिस्कला तुम्ही स्वतः उघडल्याशिवाय कोणी हात लावत नाही. मी त्यातला लिनक्स मिंट हा प्रकार वापरते कारण ते विंडोजची सवय असलेल्या माणसाला परकं वाटत नाही, खाली डावीकडे मेनू, तोच फोल्डरांचा ढाचा. मिंट उघडल्यावर डेस्कटॉपवर एक इन्स्टॉलचं चिन्ह दिसतं, फाइली काढायला आला असाल तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, एवढाच नियम.

काकांच्या इथे पेनड्राइव्ह लावला, बूट मेनू उघडला, मिंटचा हिरवा पडदा आला तेव्हा काका खुर्ची ओढून अगदी जवळ आले. फाइल मॅनेजर उघडला, डावीकडे त्यांची डिस्क दिसली, क्लिक केलं, मग यूझर्स, मग काकांचं नाव, मग डॉक्युमेंट्स, आणि तिथे ओळीने फोल्डर, आजोबा-पत्रं, आजोबा-जमाखर्च, मोडी-लिप्यंतर. काकांनी एक स्कॅन उघडायला सांगितला. पिवळा पडलेला कागद, वर ओढलेली आडवी रेघ आणि त्या रेघेला लटकलेली मोडीची पळती अक्षरं, कडेला वाळवीने खाल्लेला कोपरा. "हाच, हाच," म्हणाले. मग बाहेरची हार्ड डिस्क लावून सगळं तिच्यावर कॉपी केलं आणि कॉपी झाल्यावर मधल्या मधल्या फाइली उघडून बघितल्या, हे महत्त्वाचं आहे, नुसती हिरवी पट्टी पूर्ण झाली म्हणून समाधान मानू नका.

कॉपी करण्याआधी मी आणखी एक गोष्ट बघितली ती तुम्हीही बघा. मिंटमध्ये डिस्क्स नावाचं ॲप असतं, त्यात डिस्कची तब्येत कळते, स्मार्ट डेटा म्हणतात त्याला. रीअलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर अशा ओळी असतात, तिथे शून्य असेल तर जीवात जीव येतो, आकडा असेल आणि वाढत असेल तर डिस्कच आजारी आहे. तेव्हा सगळ्यात लाडक्या फाइली आधी काढा, गाणी-सिनेमे नंतर. आणि डिस्क टक टक असा आवाज करत असेल तर सरळ बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघत बसलात तर जे वाचू शकलं असतं तेही जातं, तिथे डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच जावं लागतं, पेनड्राइव्हचा उपयोग नाही. आणि सगळ्यात आधीची तपासणी म्हणजे बायोसच्या पडद्यावर डिस्कचं नाव तरी दिसतंय का. तिथेच नाव नसेल तर गोष्ट विंडोजची नाही, वायर सैल झाली असेल किंवा डिस्क गेली असेल.

फाइली बाहेर आल्यावर काकांची विंडोज दुरुस्त करायला दुसरा पेनड्राइव्ह लावला, विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा. त्यात इन्स्टॉलऐवजी रिपेअर युअर कॉम्प्युटर निवडायचं, मग ट्रबलशूट, मग स्टार्टअप रिपेअर. त्याने बूटच्या फाइली परत लिहिल्या आणि लॅपटॉप सुरू झाला, फॉर्मॅट लागलंच नाही. दरवेळी असं होईल असं नाही, कधी कधी स्टार्टअप रिपेअर "जमलं नाही" म्हणून सोडून देतं, तेव्हा खुशाल फॉर्मॅट मारा, फाइली बाहेर आहेत म्हटल्यावर मनावर ओझं नसतं.

आता हा पेनड्राइव्ह तयार कसा करायचा. मशीन बंद पडल्यावर नव्हे, आत्ता, सगळं चालू असताना. बंद पडलेल्या दिवशी दुसऱ्याचा कॉम्प्युटर मागत फिरावं लागतं.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, मी १६ किंवा ३२चा घ्या म्हणेन. चेतक सेंटरला गेलात तर ढीगभर मिळतील, पॅकबंद आणि बिलासकट घ्या, कारण खोट्या साइजचे पेनड्राइव्ह हा खरा त्रास आहे. त्यांच्या आतला कंट्रोलरच खोटं सांगतो, वर एक-दोन टीबी लिहिलेलं, कॉम्प्युटरलाही तेवढंच दिसतं, आत चिप असते काही जीबीची, आणि ती भरली की पुढचा डेटा हवेत जातो. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ नावाची छोटी फुकट टूल आहेत, ती पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतात. नवीन पेनड्राइव्ह आणला की मी आधी हेच लावून ठेवते.

मग लिनक्स मिंटच्या स्वतःच्या साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सिस्टिम भरलेली एकच मोठी फाइल, उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते. बाकी कुठून तरी, मित्राच्या ग्रुपवरून, टेलिग्रामवरून अजिबात नको. ज्या सिस्टिममध्ये तुम्ही तुमची डिस्क उघडणार ती कोणी बनवली हे माहीत हवंच. साइटवर शा२५६ नावाचा एक लांबलचक आकडा दिलेला असतो, उतरवलेल्या फाइलचा तोच आकडा येतो का ते बघा, विंडोजमध्येही पॉवरशेलमधून एका ओळीत कळतं. बरेच जण हे टाळतात. पण नेट मधेच तुटून फाइल अर्धी खराब उतरली असेल तर पेनड्राइव्ह बनतो, सुरूही होतो, आणि ऐन वेळी मधेच अडकतो, आणि मग कळतच नाही की दोष मशीनचा की पेनड्राइव्हचा.

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ती गोष्ट. आयएसओ फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट केली तर बूट होत नाही. का ते वर आलंच, यूईएफआयला ठरलेल्या जागी ती बूटची फाइल हवी असते आणि इथे तर ती आयएसओच्या पोटात बंद आहे, बाहेरून त्याला फक्त एक मोठी फाइल दिसते. म्हणून आयएसओ पेनड्राइव्हवर लिहावी लागते, पार्टिशनसकट. त्यासाठी विंडोजवर रूफस हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, पीट बटार्ड यांनी २०११ मध्ये काढलेलं, एवढीशी फाइल, इन्स्टॉल करावं लागत नाही, फुकट आहे. वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीममध्ये, म्हणजे पार्टिशनची यादी कुठल्या पद्धतीने लिहायची त्यात, नव्या मशीनसाठी जीपीटी आणि खूप जुन्या बायोसवाल्या मशीनसाठी एमबीआर, स्टार्ट. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आणि दोन-तीन ड्राइव्ह लागलेले असतील तर कुठला निवडलाय ते नाव आणि साइज बघून खात्री करा, सर्वात बरं म्हणजे बाकीचे काढूनच ठेवा. एवढं पण नको असेल तर एचर आहे, त्यात निवडायला काही फारसं नसतंच आणि लिहून झाल्यावर ते परत वाचून तपासतं.

विंडोजचा पेनड्राइव्ह मात्र मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा, त्याला किमान ८ जीबी लागतात. पूर्ण आयएसओ उतरवून स्वतः करायला गेलात तर फॅट३२ आडवं येतं, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल आता त्याहून मोठी असते. रूफस यातून वाट काढतं, एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीचं, पार्टिशन करतं आणि शेजारी एक चिमुकलं पार्टिशन ठेवतं जे यूईएफआयला एनटीएफएस वाचायला मदत करतं. म्हणून त्या पेनड्राइव्हवर दोन ड्राइव्ह दिसले तर घाबरू नका, ते हवंच आहे.

आणि ज्यांना माझ्यासारखं चार लोकांच्या घरी जाऊन हे करायचंय त्यांनी व्हेंटॉय बघा. २०२० साली आलं, पेनड्राइव्हवर एकदाच घालायचं, मग आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, हो, साध्या कॉपी-पेस्ट, कितीही. सुरू केल्यावर यादी येते, हवी ती निवडा. माझ्या पेनड्राइव्हवर मिंट आहे, विंडोज ११ आहे, पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायला क्लोनझिला आहे आणि रॅम तपासायला मेमटेस्ट८६ प्लस आहे. मेमटेस्टबद्दल एवढंच, मशीन मधेच कधीही बंद पडत असेल, निळा पडदा दर वेळी वेगळ्या कारणाने येत असेल तर रात्रभर हे लावून ठेवा, एकजरी लाल ओळ आली तरी रॅम खराब. विंडोज कितीदा टाकली तरी फरक पडणार नाही.

पेनड्राइव्ह तयार झाला, आता मशीनला सांगायचं की यावरून सुरू हो. त्यासाठी बटन दाबल्या दाबल्या एक की टकटक दाबत राहायची आणि ती कंपनीप्रमाणे बदलते. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप दाबून येणाऱ्या यादीतून, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ८, एमएसआयला एफ११, गिगाबाइटला एफ१२, एसरलाही एफ१२ पण तिथे बऱ्याचदा तो मेनू बायोसमधून आधी चालू करावा लागतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपला कडेला टाचणी घालायचं एक बारीक भोक असतं, नोवो बटन, ते दाबलं की मेनू हमखास येतो. एफ१२ दाबून आवाज किंवा ब्राइटनेस बदलत असेल तर एफएन की सोबत दाबा.

विंडोज चालू होत असेल, नुसतं लिनक्स बघायचं असेल, तर याहून सोपी युक्ती आहे. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा, निळा पडदा येईल, त्यात यूज अ डिव्हाइस निवडा. याचा आणखी एक फायदा म्हणजे विंडोज ८पासून शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धं झोपलेलं राहतं, आणि तसं असताना लिनक्समधून डिस्क उघडली तर ती फक्त वाचायला मिळते किंवा उघडतच नाही. रीस्टार्टमध्ये हा प्रश्न येत नाही.

मेनूमध्ये तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा आधी यूईएफआय असं लिहिलेला आणि एकदा नुसता. नव्या मशीनवर यूईएफआयवाला घ्या. पेनड्राइव्ह दिसतच नसेल तर हब काढून थेट मशीनच्या पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, दुसरा पोर्ट बघा. विंडोज ७चा पेनड्राइव्ह असेल तर काळ्या, यूएसबी २च्या पोर्टलाच लावावा लागतो, त्यात निळ्या पोर्टचे ड्रायव्हर नव्हतेच.

सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय, तिच्याबद्दल बऱ्याच व्हिडिओंमध्ये सरसकट सांगतात की बंद करा. नका करू. मिंट, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांची सुरुवातीची फाइल मायक्रोसॉफ्टच्या सहीची असते, ती सिक्युअर बूट चालू असतानाही चालते. व्हेंटॉयला पहिल्यांदा प्रत्येक मशीनवर एक डिजिटल की (कीबोर्डवरची नव्हे) नोंदवायला लागते, पडद्यावर दिसतं तसं करत गेलं की होतं. आणि बंद करू नका याचं खरं कारण पुढे आहे.

ते म्हणजे बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. हा भाग कृपया नीट वाचा, कारण मी वर जे सगळं सांगितलं ते यापुढे थांबतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर, विशेषतः विंडोज ११ आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रोजच्या वापरात काही जाणवत नाही कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप स्वतःच कुलूप उघडते. पण पेनड्राइव्हवरून गेलात तर डिस्कवर कुलपाचं चिन्ह दिसेल, आणि सिक्युअर बूट बंद केलंत किंवा बायोस बदललात तर विंडोजसुद्धा दारात अडवून ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागेल. ती की असेल तर लिनक्समधूनही डिस्क उघडता येते. नसेल तर कोणीही, दुकान असो, कंपनी असो, कोणीही काढून देऊ शकत नाही, एन्क्रिप्शन त्यासाठीच असतं. लॅपटॉप चोरीला गेला तर हे चांगलंच आहे, म्हणून बंद करा असं मी म्हणणार नाही. की मात्र आजच बघून ठेवा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर रिकव्हरी कीज असं मिळतं, कागदावर लिहा, कपाटात ठेवा, जिथे घराची कागदपत्रं असतात तिथेच. काकांचा लॅपटॉप जुना होता, एन्क्रिप्शन नव्हतं, म्हणून एवढ्या सहज काम झालं.

जुन्या लॅपटॉपवरून आठवलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे घरोघरी चांगले चालणारे लॅपटॉप एकदम "जुने" ठरले, मुलं पुण्याला, बेंगळुरूला, आणि आई-बाबांना कोणीतरी सांगतं नवीन घ्या. त्याआधी हाच पेनड्राइव्ह लावून एक दुपार मिंट वापरून बघा, काही इन्स्टॉल न करता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, व्हिडिओ कॉलला कॅमेरा चालतो का, इनस्क्रिप्टने मराठी टाइप होतं का. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर कधी कधी वेगळा ड्रायव्हर लागतो, तो मोबाइलला केबलने जोडून नेट घेतलं की उतरवता येतो. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते पण ४ असेल तरच त्रास न होता चालेल, ब्राउझरच आता तेवढं खातो. मिंट २२च्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि पेनड्राइव्हवरून थोडं हळू वाटलं तर त्यावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून वाचायला वेळ लागतो, आत टाकल्यावर, त्यातही एसएसडी असेल तर, खूपच चपळ होतं. काकूंनी पत्ते खेळून बघितले, त्यांना पसंत आहे. काका विंडोजवरच राहणार म्हणतात, त्यांचं स्कॅनरचं सॉफ्टवेअर तिथेच चालतं, आणि ते बरोबरच आहे, ज्याला जे लागतं ते.

हे सगळं स्वतः करायचं नसेल, वेळ नसेल, तरी हरकत नाही. दुकानात जाताना एक रिकामी बाहेरची हार्ड डिस्क सोबत न्या आणि मशीन टेबलावर ठेवतानाच सांगा, "पहले पेनड्राइव से बूट करके मेरा पूरा यूज़र फोल्डर इसमें निकाल दो, मैं फाइलें खोलके देखूँगा, उसके बाद फॉर्मेट." बायका असाल तर देखूँगी. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या, तास-दोन तासांचं काम आहे ते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चारही यूझर फोल्डरमध्येच येतात, पण डी ड्राइव्ह असेल तर तोही नाव घेऊन सांगा, आणि टॅली वापरत असाल तर टॅलीचं डेटा फोल्डर कुठे आहे ते आधीच बघून ठेवा, कारण ते बऱ्याचदा सी ड्राइव्हवर यूझरच्या बाहेर असतं आणि नेमकं तेच राहून जातं.